वार्धक्यातील चित्तभ्रम आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुलामुलींच्या शिक्षणावर बोलू अशी तिची अपेक्षा असावी. ३६ वर्षे प्राथमिक शाळेत खडू हाती धरलेल्या मनुष्याकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची? परंतु आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. तो आपल्या कित्येक घरांत आहे, पण आपल्या सभेत कधी निघत नाही. वृद्धांचे मनोविकार हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकावर आमचा अधिकार नाही. जे सांगणार आहोत ते घरात भोगलेले आणि डॉक्टरांना विचारून पडताळून घेतलेले आहे.

घरातील म्हातारे माणूस भलतेच बोलू लागले, की आपण 'म्हातारचळ' म्हणतो, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतो, किंवा बाहेरची बाधा समजून अंगारा लावतो. वस्तुतः या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळे विकार झाकले जातात.

पहिला विकार म्हणजे ज्याला आपल्या आज्या 'वात झाला' म्हणत. काल-परवापर्यंत शहाणे असलेले माणूस एकाएकी बरळू लागते, रात्री उठून पळू पाहते, सकाळी जरा बरे असते आणि सायंकाळी पुन्हा बिघडते. याचे मूळ बहुधा शरीरात असते. लघवीतील किंवा छातीतील जंतुसंसर्ग, पाण्याची तूट, रक्तातील सोडियम घटणे, मलावरोध, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा नवे सुरू केलेले औषध यांपैकी काहीतरी त्यास कारण होते. कारण शोधून उपाय केला तर पुष्कळदा माणूस पूर्ववत होते. विलंब केला तर जिवावर बेतते. म्हणून हा विकार तासांचा आहे, आठवड्यांचा नव्हे.

दुसरा विकार स्मृतिभ्रंशाचा. हा महिन्या-वर्षांनी चढत जातो. १९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे डॉक्टर आल्झायमर यांच्यापुढे ५१ वर्षांची एक स्त्री आली. तिच्या आजाराची सुरुवात विसरण्याने नव्हे, तर पतीविषयीच्या संशयाने झाली होती. पुढे १९०६ साली आल्झायमर यांनी तिची हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली. आपल्या घरातील आजी 'सुनेने बांगड्या चोरल्या' म्हणते, तेव्हा तो तिचा स्वभाव नसून या रोगाची चाहूल असू शकते, हे ध्यानी असावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते.

तिसरा विकार छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा. हा बहुधा तारुण्यात जडतो. कानी आवाज येतात, कोणी आपल्या वाईटावर आहे असे ठामपणे वाटते. १९५२ साली पॅरिस येथे क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसून आला आणि तेव्हापासून असंख्य रुग्ण घरी राहू शकले. तेच रुग्ण आता वृद्ध झाले आहेत. क्वचित हे विकार साठीनंतरही प्रथम उद्भवतात; ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, ते अधिक आढळतात.

आता जे सांगावयाचे ते गेली पन्नास वर्षे आम्ही या मंडळात कधी बोललो नाही. आमचे वडीलबंधू १९७३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, छिन्नमनस्कतेने आजारी पडले. हॅलोपेरिडॉलच्या गोळीने त्यांना उतार पडला आणि ते घरातच राहिले. पण घरी कोणी पाहुणे आले की त्यांना माडीवर बसवीत असू. २००९ साली आमच्या मुलीच्या विवाहाची बोलणी चालू होती. त्याच सुमारास आमच्या मातोश्रींना, वय वर्षे ७९, तिन्हीसांजेला अंगणात लहान मुले खेळताना दिसू लागली. त्या त्यांना जेवावयास बोलावीत. चालही मंदावली होती. आणखी एका माणसाची गोष्ट फुटली तर सोयरीक मोडेल, या भयाने आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. भावाला ज्या गोळीने गुण आला ती आईलाही येईल, असे गणित आम्ही मांडले आणि भावाची गोळी आईला दिली.

चौथ्या दिवशी मातोश्रींचे अंग लाकडासारखे ताठरले. पाचव्या दिवशी त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले, की त्यांचा स्मृतिभ्रंश 'लेवी बॉडी' नावाच्या प्रकारचा आहे. त्यात असेच स्पष्ट भास होतात आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखी औषधे घातक ठरतात. गोळी बंद झाली, रिव्हास्टिग्मीन नावाचे दुसरे औषध सुरू झाले. मुले दिसणे कमी झाले, परंतु मातोश्री पुन्हा आपल्या पायांनी अंगणात गेल्या नाहीत. २०१२ साली त्या निवर्तल्या. मुलांना सारे हिशेब तपासून पाहावयास शिकविणाऱ्या आम्ही हा हिशेब तपासला नाही, याचे दुःख आम्हांस जन्मभर आहे.

नंतर आम्हांस कळले, की अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने २००५ सालीच इशारा दिला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवर अशा जातीच्या नव्या औषधांचे जे प्रयोग झाले, त्यांत सुमारे दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्या शंभरांपैकी साडेचार जण दगावले. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण २.६ होते. २००८ साली जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. म्हणजे ही औषधे कधीच देऊ नयेत असे नव्हे. रुग्णाला स्वतःला वा इतरांना धोका असेल, तेव्हा डॉक्टर ती अल्प मात्रेत, थोडे दिवस व लक्ष ठेवून देतात. पण याच्या उलट चूकही कोणी करू नये. हा इशारा ऐकून छिन्नमनस्कतेच्या रुग्णाची गोळी आपल्या मनाने बंद केली, तर आजार उलटतो. एकच गोळी एकाला आधार, दुसऱ्याला घात. निवड करणारे आपण नव्हे.

आमचे बंधू आज ७४ वर्षांचे आहेत. २०२१ साली त्यांचे विसरणे वाढले, तेव्हा आम्ही विलंब केला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हातांचा कंप थांबविण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे मिळत असलेली एक गोळीही वृद्धांची स्मृती मंद करते असे समजले. ती सावकाश उतरविली, मुख्य औषधाची मात्राही वयानुसार कमी केली. आज ते सकाळी स्वतः दूध आणतात आणि सुटे पैसे मोजून परत आणतात.

यावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णे धरून, एका पिशवीत न्यावीत. हा बदल केव्हापासून, दिवसांचा की वर्षांचा, हे लिहून न्यावे. चष्मा व कान तपासून घ्यावेत. संध्याकाळी घरात भरपूर उजेड ठेवावा. भास खोटे आहेत म्हणून वाद घालू नये. 'मी आहे ना जवळ' एवढे म्हणावे. देवऋषीकडे दिवस दवडू नयेत. कोणी जवळ नसल्यास १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. रुग्णास साखळीने जखडणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

शेवटी मंडळास एक विनंती. अशा घरांतील सून किंवा लेक वर्षानुवर्षे रात्री जागते आणि तिला लग्नकार्यासही जाता येत नाही. आठवड्यातून दोन तास तिच्या घरी जाऊन बसेल अशा स्वयंसेवकांची यादी मंडळाने करावी. त्यात पहिले नाव आमचे लिहावे. आणि सोयरीक जुळविताना घरातील आजाऱ्याला माडीवर लपविण्याची चाल आपण सोडावी. आमच्या मुलीच्या सासरी आम्ही पुढे सर्व सांगितले. तिचे सासरे एवढेच म्हणाले, "गुरुजी, हे आधी सांगितले असते, तर तुमच्या आईंना आम्हीच डॉक्टरांकडे नेले असते."

बंधुभगिनींनो, आमचे वडीलबंधू आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत. सभा संपल्यावर त्यांना अवश्य भेटावे.