साय नको, पाणी द्या

घरी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, करणारे दोघे भेटले की बोलणं वळतं ते बरणीतल्या त्या जाड, बुळबुळीत चकतीकडे. कुणी तिला ‘मदर’ म्हणतं, कुणी ‘स्कोबी’. दिसायला अळंबीसारखी असली तरी ती अळंबी नव्हे. कोमागाटाइबॅक्टर नावाच्या जिवाणूंनी ग्लुकोजपासून विणलेलं ते सेल्युलोज आहे. कापसात असतो तोच पदार्थ. माझं म्हणणं एवढंच, की तिचे लाड पुरे झाले. खरं विरजण म्हणजे तिच्याखालचं आंबट पाणी. चकती फेकून दिलीत तरी त्या पाण्यावर नवी साय धरते.

लिटरभर पाण्याला 6 ते 8 ग्रॅम साधा काळा चहा आणि 70 ग्रॅम साखर. वेलची-मसाला नको, अर्ल ग्रेही नको. त्यांतली तेलं जिवाणूंना मानवत नाहीत. चहा पार गार झाला की 100 ते 150 मिलिलिटर जुनं आंबट पाणी घाला. इथे हात आखडू नका. सुरुवातीचे दिवस बुरशीला दूर ठेवते ती याच पाण्यातली आम्लता. पीएच 4.2 च्या खाली हवा. पट्ट्या स्वस्त मिळतात.

बरणी काचेची, आणि तोंडावर घट्ट विणीचं कापड. विरळ मलमलीतून चिलटं आत शिरतात. झाकण मात्र लावू नका. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात, त्याला हवा लागते. दह्याला ती लागत नाही, म्हणून आपली सवय इथे फसवते. 25 अंशांच्या आसपास आठ-दहा दिवस पुरतात. थंडीत घर 20 अंशांवर असेल तर बराच धीर धरावा लागतो.

वर कोरडी, केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, तर चकतीसकट सगळं ओतून द्या. लोणच्यावरची बुरशी काढून खालचं वाढायची काटकसर इथे नको.

औषध म्हणून मात्र याच्याकडे पाहू नका. 1995 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हे पेय पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, त्यांतली एक दगावली. कोंबुचाच कारण होतं असं सिद्ध झालं नाही, पण गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लांब राहिलेलं बरं. अमेरिकेत 0.5 टक्के अल्कोहोल झालं की कायद्याने ते मद्य ठरतं, आणि घरची बरणी ही रेषा सहज ओलांडते. मद्य न घेणाऱ्या पाहुण्याला पेला देण्याआधी हे सांगा. पाहुणचारात लपवाछपवी नको.

बाटलीत आलं किंवा आमरस घातलात तर दोन-तीन दिवसांत फ्रिजमध्ये टाका; वायू साठून बाटल्या फुटतात. आणि कुणाला विरजण द्यायचं असेल, तर चकती राहू द्या, पेलाभर आंबट पाणी द्या.