टोपणभर औषध



रात्री लेकराला खोकल्याची उबळ येते. आई उठते, दिवा लावते, बाटली हलवून टोपणात औषध मोजते. मूल तोंड फिरवतं. ती म्हणते, ‘घे रे बाळा, गोड आहे.’ बाटलीत काय आहे हे तिला ठाऊक नसतं. कुणीतरी तपासलं असेल, एवढ्याच भरवशावर ती ते टोपण बाळाच्या ओठांना लावते. आज त्या ‘कुणीतरी’बद्दल बोलायचं आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-तापाने आजारी असलेल्या मुलांची लघवी एकाएकी बंद होऊ लागली. घाबरलेल्या आईबापांनी त्यांतल्या कित्येकांना नागपूरला आणलं. तरीही वीसहून अधिक लेकरं गेली. त्यांना दिलेलं ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप तमिळनाडूत तयार झालं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या औषध नियंत्रण विभागाने नमुना तपासला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालू शकतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. निकाल अवघ्या दोन-तीन दिवसांत हाती आला. हीच तपासणी बाटली कारखान्याबाहेर पडण्याआधी झाली असती तर?

डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरायचं रसायन. रंग नाही, दाटसर, चवीला गोड. औषधात घालायच्या ग्लिसरीनपासून ते डोळ्यांना किंवा जिभेला वेगळं ओळखू येत नाही. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. ते ओळखायला प्रयोगशाळाच लागते आणि ती चालवणारा अधिकारी लागतो.

आपल्या मुंबईने हे दुःख फार पूर्वी भोगलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात डोळ्यांवरचा आणि मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन दिलं गेलं. त्यात हेच विष होतं. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयातल्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर कडक ताशेरे ओढले. तो अहवाल १९८७ चा. म्हणजे काय चुकतं, हे आपल्याला तेव्हापासून लेखी माहीत आहे.

तरीही २०२२ मध्ये गांबियातल्या बालमृत्यूंचा भारतात बनलेल्या सिरपांशी संबंध असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला. त्यानंतर जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधाची सरकारमान्य प्रयोगशाळेत आधी तपासणी सक्तीची झाली. नियम चांगलाच आहे. पण तो परदेशी जाणाऱ्या बाटलीसाठी. छिंदवाड्याच्या दुकानात आलेल्या बाटलीला तो लागू नव्हता. आपल्या लेकरांचा जीव परदेशातल्या लेकरांहून स्वस्त का असावा, याचं उत्तर मला सापडत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. जी तपासणी निर्यातीआधी होते, ती गावातल्या दुकानात येणाऱ्या औषधाचीही व्हावी. प्रत्येक जिल्ह्यात पुरेसे औषध निरीक्षक असावेत. नापास झालेल्या बॅचचा क्रमांक त्याच दिवशी शेवटच्या दुकानदारापर्यंत पोचावा. आणि ज्याने न तपासता सही केली, त्याला जाब विचारला जावा.

आज रात्रीही कितीतरी घरांत दिवा लागेल, टोपणात औषध मोजलं जाईल. तपासणं हे त्या आईचं काम नाही. ज्यांचं आहे, त्यांनी ते बाटली तिच्या हाती पडण्याआधी करावं.