सरपंच गावी नसतील तेव्हा

पुणे-सातारा रस्त्यावरून बनेश्वरच्या दर्शनाला निघालं की भोर तालुक्यातलं नसरापूर लागतं. नसरापूर काय किंवा दुसरं कोणतंही गाव काय, चर्चा असते ती सरपंचांची. मग उपसरपंच करतात काय?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 याचं उत्तर देतो. सरपंच गैरहजर असतील तर मासिक सभेचं अध्यक्षस्थान उपसरपंचांकडे येतं. सरपंचांनी सोपवलेली कामंही ते पाहतात. सरपंच सलग 15 दिवसांहून अधिक काळ गावाबाहेर असतील किंवा पद रिकामं झालं असेल, तर सरपंचांचे अधिकारच उपसरपंच वापरतात. एरवी स्वतःचे असे अधिकार जवळपास नाहीतच!

दिल्लीतल्या उपपदाचं मात्र उलट. उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात, म्हणजे त्यांना स्वतःचं ठरलेलं काम आहे.

सरपंच आणि उपसरपंच यांच्या निवडणुकीतही फरक आहे. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट मतदारांमधून निवडले जातात. उपसरपंचांना निवडतात पंचायतीचे सदस्य. त्यामुळे या पदाला गटातटाचा तोल सांभाळण्याची सोय मानलं जातं. आमच्या मते हा त्या पदावर अन्यायच आहे.

तेव्हा सरपंच गावी नाहीत म्हणून तुमचं काम अडलं, तर उपसरपंचांना जरूर भेटा.