वॉर्डातले प्रश्न विद्यापीठात गेले पाहिजेत

सकाळची राऊंड दुसऱ्या कुणावर तरी सोपवून, रात्रीची गाडी पकडून इथे पोचलेल्या माझ्या आहारतज्ज्ञ मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं सोलापुरात मनापासून स्वागत करते.

हे गाव आपल्या व्यवसायाची चांगली परीक्षा घेतं. इथल्या रुग्णालयांत धाराशिव-लातूरकडचे रुग्ण येतात, तसे विजापूर-कलबुर्गीकडचेही येतात. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे शेजारी शेजारी झोपलेले असतात. ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’ हा आपला रोजचा प्रश्न. प्रत्येक खाटेवर तो नव्याने विचारावा लागतो, कारण विणकराच्या घरचं ताट वेगळं आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचं वेगळं. आज दुपारी आपल्या पानात मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी असेल. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत शेंगा चटणी असेल. सावकाश जेवा. त्या चटणीबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

डायलिसिसवर असलेला सोलापूरचा माणूस आहारतज्ज्ञाला पहिला प्रश्न विचारतो तो या चटणीचाच. ‘मॅडम, चटणी चालेल का?’ शेंगदाण्यात पोटॅशियम आहे, फॉस्फरस आहे, चटणीत मीठ आहे. म्हणून आपण ‘बंद’ म्हणतो आणि तक्त्यावर काट मारतो. रुग्ण मान हलवतो, घरी जातो आणि चटणी खातो. काही जण भाकरीही कमी करतात, कारण नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही. मग अल्ब्युमिन घसरतं. वनस्पतींतला बराचसा फॉस्फरस फायटेटशी बांधलेला असतो आणि पाकीटबंद पदार्थांत घातलेल्या फॉस्फेटइतका तो शोषला जात नाही, हे आपल्याला माहीत आहे. मग दिवसाला एक चमचा चटणी कुणाला चालेल, कुणाला नाही, आणि त्या बदल्यात ताटातलं काय कमी करायचं? याचं उत्तर आपण अंदाजाने देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत देशाच्या सहा विभागांतून गोळा केलेले ५२८ पदार्थ आहेत. ते काम फार मोठं आहे आणि आपण सगळे त्यावरच चालतो. पण ते पदार्थ बहुतांशी कच्चे आहेत. उखळात कुटलेली चटणी, दोन पाणी काढून शिजवलेली भाजी, आठवडाभर ठेवलेली कडक भाकरी यांचे आकडे आपणच शोधायला हवेत.

या परिषदेसाठी ‘नोकरीत असलेल्या आहारतज्ज्ञांचं पदव्युत्तर शिक्षण’ हा विषय घ्यावा, असा आग्रह मी धरला तो याच कारणाने. नावापुढे आणखी एक पदवी लागावी, पगाराची श्रेणी वाढावी, याही रास्त अपेक्षा आहेत. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रश्न ज्यांच्याकडे आहेत त्यांना ते सोडवायची साधनं मिळावीत. आज परिस्थिती उलटी आहे. विद्यापीठातल्या बावीस वर्षांच्या मुलीकडे मार्गदर्शक आहे, प्रयोगशाळा आहे, संख्याशास्त्राचा तास आहे, नैतिकता समितीपर्यंत जाण्याची वाट आहे. रुग्ण मात्र नाहीत. म्हणून ती वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या हिमोग्लोबिनवर प्रबंध लिहिते. आणि वॉर्डातल्या आहारतज्ज्ञाकडे रुग्णच रुग्ण आहेत, बाकी काही नाही. पदवी, त्यावर वर्षभराची पदविका, मग नोकरी. बऱ्याच जणींचं शिक्षण तिथेच थांबतं.

नोकरी सांभाळून शिकायचं तर आतापर्यंत दूरशिक्षणाचा आधार होता. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची आहारशास्त्र आणि अन्नसेवा व्यवस्थापनातली एम.एस्सी. अनेकांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवणं थांबवलं. अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन त्यातच आले. यामागचं तत्त्व मला मान्य आहे. ट्यूब फीड कसं सुरू करायचं, उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट कसं कोसळतं, हे टपालाने आलेल्या पुस्तकातून शिकता येत नाही. पण जी बाई दहा वर्षं अतिदक्षता विभागात हेच करते आहे तिला हा नियम लावताना थोडा वेगळा विचार व्हायला हवा होता. तिचा प्रात्यक्षिकाचा भाग रोज होतोच आहे. तिला हवी आहे संशोधनाची पद्धत, संख्याशास्त्र, जैवरसायनाची नवी माहिती आणि तिचं काम तपासणारा मार्गदर्शक. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून आहारतज्ज्ञांच्या नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. आपल्याकडेही अपेक्षा वाढत जाणार. अशा वेळी वाट अरुंद होऊन चालणार नाही.

इथे मला जैवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांची आठवण काढायची आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर त्यांनी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, कडधान्यं अशा सामान्य माणसाच्या खाण्यातल्या पदार्थांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतलं. केंब्रिजहून आलेल्या बाईंना नीरेचा अभ्यास कमीपणाचा वाटला नाही. शेंगा चटणीवर प्रबंध लिहायला आपल्याला संकोच का वाटावा?

घरच्या ताटाचा नीट अभ्यास केला की काय हाती लागतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये आसपासच्या खेड्यांतल्या गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. जन्मतः हडकुळी दिसणारी आपली बाळं आतून चरबी राखून असतात, ही गोष्ट त्यातून जगापुढे आली. महाराष्ट्राबाहेर, झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना शिधा दिला आणि घरात नवा क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकांत आला. त्यात दिला होता साधा कोरडा शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. इतक्या लोहाच्या गोळ्या वाटूनही ते का वाढलं, हे शोधायला गावोगावच्या रुग्णालयांत बसलेल्या आपल्यापेक्षा जवळचं कोण आहे?

इथे बसलेल्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींकडे माझं मागणं स्पष्ट आहे. शनिवार-रविवारचे वर्ग घ्या, रुग्णालयातल्या कामाला श्रेयांक द्या, आणि प्रबंधाचा विषय विद्यार्थिनीच्या वॉर्डातून येऊ द्या. रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना सांगणं असं की परीक्षेची रजा बिनपगारी करू नका आणि एका आहारतज्ज्ञावर दोनशे खाटा टाकू नका. मैत्रिणींनो, तुम्हीही आजपासून नोंदी नीट ठेवा. वाटी किती मिलिलिटरची, भाकरी किती ग्रॅमची, हे लिहून ठेवलं नाही तर उद्या कोणताही मार्गदर्शक तुम्हाला मदत करू शकणार नाही.

उद्या दुपारच्या सत्रात प्राध्यापक आणि वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ एकाच टेबलाभोवती बसणार आहेत. आपल्या रुग्णालयातला अडलेला एक प्रश्न प्रत्येकाने कागदावर लिहून आज संध्याकाळपर्यंत नोंदणी कक्षात द्यावा. त्या कागदांवरूनच गट पाडले जातील. राहण्या-जेवणाची काही अडचण असेल तर स्वागत समितीचे स्वयंसेवक दारातच आहेत. आता मी परिषदेच्या अध्यक्षांना दीपप्रज्वलनासाठी विनंती करते.