अणुकेंद्रांतील शेजार



वरळीच्या बी. डी. डी. चाळींचें नांव मुंबईकरांस नवें नाहीं. १९२० च्या दशकांत सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें त्या बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले आणि बिऱ्हाडामागें १६० चौरस फुटांची एकच खोली. इतक्या दाटींत माणसें एकत्र कशीं नांदलीं, असें विचारलें तर जुना चाळकरी एका शब्दांत उत्तर देईल : शेजार. आज ज्या दाटीविषयीं मी बोलणार आहें, ती याहून कितीतरी पटींनीं मोठी आहे. तिचेंही उत्तर शेजार हेंच. पण तो शेजार मोठा चोखंदळ आहे.

अणूच्या मध्यभागीं त्याचें केंद्र असतें. त्यांत धन विद्युत्‌भाराचे प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन अगदीं खेटून बसलेले असतात. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, हें आपण शाळेंत शिकलों. मग हे प्रोटॉन उधळून कां जात नाहींत ? कारण तेथें विद्युत्‌प्रेरणेहून प्रबळ अशी दुसरी प्रेरणा काम करते. तिचा पल्ला मात्र मिलिमीटरच्या एक लक्ष कोटीव्या अंशाच्या एकदोन पटींइतकाच. भिंतीस भिंत लागली, तरच ती लागू.

तिचा चोखंदळपणा कशांत आहे ? प्रत्येक प्रोटॉनास व न्यूट्रॉनास एक उपजत गिरकी असते; शास्त्रज्ञ तिला 'स्पिन' म्हणतात. भोवऱ्याप्रमाणें हा कण खरोखर फिरतो असें नव्हे. परंतु गिरकीचे गुण त्याच्या ठायीं असतात, आणि तिचा रोख मोजला असतां दोहोंपैकीं एकच निघतो, वर किंवा खालीं. एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन यांच्या गिरक्या एकाच दिशेच्या असतील, तर त्यांचें जड हायड्रोजनचें केंद्र बनूं शकतें. तें फोडण्यास सुमारें २२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. गिरक्या विरुद्ध असतील, तर आकर्षण थोडेंसें अपुरें पडतें आणि जोडी टिकत नाहीं.

ही थोडीशी उणीव आपल्या जीविताशीं निगडित आहे. दोन प्रोटॉन अगदीं सारखे असल्यामुळें, पाउलीच्या नियमाप्रमाणें निकटतम अवस्थेंत त्यांच्या गिरक्या विरुद्धच असाव्या लागतात; म्हणून त्यांची जोडी जमत नाहीं. सूर्यांत दोन प्रोटॉन भेटले, तर त्यांपैकीं एकाचें त्याच क्षणीं न्यूट्रॉनांत रूपांतर व्हावें लागतें, आणि असा योग अतिशय विरळा. सूर्याचें इंधन एकदम न भडकतां अब्जावधि वर्षें पुरतें, त्याचें हें एक मुख्य कारण होय.

पण प्रेरणेस गिरकी कळते कशी ? १९३५ सालीं जपानच्या युकावांनीं सुचविलें कीं, केंद्रांतील कण एका मध्यम वजनाच्या दूतकणाची देवघेव करतात व तींतूनच आकर्षण उपजतें. हा धागा पुढें नेणाऱ्यांत मुंबईंत जन्मलेले होमी भाभा होते. १९३८ सालीं केंब्रिज येथें त्यांनीं दूतकणाची गिरकी एक मानून गणित मांडलें. १९३९ सालीं त्याला 'मेसॉन' हें सुटसुटीत नांव सुचविलें. १९४७ सालीं पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांस युकावांचा कण, म्हणजे पायॉन, सांपडला. त्याची गिरकी मागाहून शून्य ठरली. तरीही त्याच्या देवघेवीचा परिणाम दोन्ही शेजाऱ्यांच्या गिरक्यांच्या रोखावर अवलंबून असतो. दोन लोहचुंबक टोकास टोक ठेवले कीं कुशीस कूस, यावर परिणाम बदलतो, तसेंच हें. जड हायड्रोजनचें केंद्र वाटोळें नसून गिरकीच्या आंसाच्या दिशेनें किंचित् लांबट आहे, असें १९३९ सालीं राबी यांच्या प्रयोगशाळेंत दिसलें, तें यामुळेंच.

मग भाभांचें गणित वायां गेलें काय ? नाहीं. १९६१ सालीं गिरकी एक असलेले ऱ्हो व ओमेगा हे जड मेसॉन सांपडले. ओमेगाची देवघेव फार जवळ आलेल्या कणांस दूर लोटते. केंद्र आंतल्या आंत कोसळत नाहीं, याचें तें एक स्पष्टीकरण होय. हे सर्व कण क्वार्कांचे बनलेले आहेत असें पुढें कळलें. तरी केंद्राचा हिशेब मांडतांना मेसॉनांची भाषा आजही उपयोगी पडते.

वरळीच्या समुद्राच्या पाण्यांत सुमारें साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागें एक अणु जड हायड्रोजनचा असतो. अशा प्रत्येक अणूच्या केंद्रांत दोन शेजारी एकाच दिशेस तोंड करून नांदत आहेत. त्यांतील एकानें पाठ फिरविली, तर तें बिऱ्हाड क्षणांत मोडेल.