दुष्काळातून दुष्काळाकडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

परदेशात शिक्षक म्हणून काढलेल्या दिवसांविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. परदेश म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढं अमेरिका किंवा दुबई येते. मी गेलो होतो इथिओपियाला, सप्टेंबर १९७२ मध्ये. वय चोवीस. बी. एस्सी., बी. एड. झालेला, येडशीसारख्या गावातला मुलगा. इथिओपियाच्या शाळांत सातवीपासून पुढं इंग्रजीतून शिकवत आणि त्यासाठी सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातून शेकडो शिक्षक तिकडं गेले. त्यांतलाच मी एक.

१९७२ म्हटल्यावर मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. त्या वर्षी आमच्या विहिरीचा तळ दिसत होता. रामलिंगाच्या दरीत, जिथं एरवी श्रावणात पाणी वाहतं, तिथं नुसते दगड. शेत सावकाराकडं गहाण होतं. अण्णा म्हणाले, "जा बाबा. हितं राहून तरी काय खाणार?" येडशीच्या स्टेशनावरून छोट्या गाडीत बसलो. ती बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी. कुर्डुवाडीला मोठी गाडी धरली आणि मुंबईहून विमान.

तिथं उतरलो तर साल १९६५! इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी सालापेक्षा सात-आठ वर्षांनी मागं चालतं. वर्षाचे महिने तेरा आणि नवं वर्ष सप्टेंबरात. घड्याळाची गंमत तर विचारू नका. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. मला सांगितलं होतं, शाळा दोन वाजता. मी दुपारी दोनला टाय बांधून हजर, तेव्हा शाळा सुटत आली होती. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ! मुख्याध्यापक पोट धरून हसले.

माझी नेमणूक देस्ये या गावी झाली. अदिस अबाबाच्या उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवर, अडीच हजार मीटर उंचीवरचं, वोलो प्रांताचं मुख्य ठिकाण. गावाच्या नावाचा अर्थ 'माझा आनंद' असा सांगतात. वर्गात साठ-सत्तर मुलं. गणित शिकवायचो मी आणि अम्हारिक लिपी मला शिकवायची मुलं. आपली जशी बाराखडी तशी त्यांची सातखडी आहे. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, हू ही हा हे अशी. मी फळ्यावर चुकलो की सगळा वर्ग आनंदानं ओरडायचा.

आणि एक दिवस बाजारात मला ज्वारी दिसली. चक्क आपली ज्वारी. तिला तिथं माशिला म्हणतात. पुढं कळलं की ज्वारीचं मूळ घर ईशान्य आफ्रिकाच. तिथून ती आपल्याकडं आली आणि अमेरिकेतही गेली. त्याच सुमारास घरून पत्र आलं होतं, 'रेशनवर लाल मिलो मिळतो, भाकरी थापता येत नाही, तुटते.' तो अमेरिकेतून आलेला मिलो म्हणजे ज्वारीचाच भाऊबंद. मी त्या ज्वारीच्या ढिगापुढं बराच वेळ उभा होतो. भाकरी काही कुणी करत नव्हतं. तिथं पीठ आंबवून इंजेरा करतात, मोठ्या जाळीदार आंबोळीसारखा. पण वास ओळखीचा होता.

त्याच पत्रात खाली एक ओळ होती. 'तुझी माय पाझर तलावाच्या कामावर जाते.' मला फार लाज वाटली. मुलगा परदेशात मास्तर आणि आई डोक्यावर मातीची पाटी घेऊन उन्हात! पैसे पाठवत होतो, पण ते पोचायला दोन-दोन महिने लागत.

१९७३ उजाडलं आणि देस्येच्या रस्त्यांवर माणसं दिसू लागली. वोलोच्या खालच्या, उष्ण भागात पाऊस गेला होता. जनावरं मेली होती. आधी पुरुष आले, मग बायका-मुलं. हमरस्त्याच्या कडेला बसून राहत. सकाळी शाळेला जाताना जी माणसं बसलेली दिसत, त्यांतली काही संध्याकाळी आडवी झालेली असत. आम्हाला सांगण्यात आलं, या विषयावर वर्गात बोलायचं नाही. परदेशी शिक्षकांनी तर नाहीच.

आज सांगायला जड जातं, पण मी त्याच बाजारातून धान्य विकत आणत होतो. बाजारात धान्य होतं आणि भावही फारसे चढलेले नव्हते. पुढं १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांचं दुष्काळावरचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी नेमकं देस्येचं उदाहरण घेतलं आहे. धान्य होतं, पण ज्यांचं पीक आणि गुरं गेली त्यांच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता. उलट वोलोतून थोडंफार धान्य बाहेरही जात होतं. मी ते पुस्तक वाचलं तेव्हा मला माझी स्वतःची पिशवी आठवली.

नववीच्या एका मुलानं मला विचारलं, "सर, तुमच्याकडंही पाऊस पडला नाही म्हणता. मग तुमची माणसं रस्त्यावर बसलीत का?"

मी म्हटलं, "रस्त्यावरच आहेत, पण खडी फोडतायत."

वर्ग हसला. त्यांना वाटलं, शिक्षा झाली असेल. मग मी सांगितलं, सरकार काम काढतं, मजुरी देतं, मुलांना सुकडी देतं. माझी आईसुद्धा जाते. हे वाक्य तोंडून गेलं आणि त्या क्षणी माझी लाज कुठल्या कुठं गेली.

मुलानं पुढं विचारलं, "पण तुमच्या राजाला कुणी सांगितलं?"

मला उत्तर सुचेना. राजा नाही, हे तर झालंच. पण आमच्याकडं वर्तमानपत्रं ओरडत होती, विधानसभेत आमदार भांडत होते, तहसीलवर मोर्चे जात होते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, उपासमार झाली, हे मी नाकारत नाही. पण कुणीतरी सांगत होतं. वोलोत सांगायलाच बंदी होती. तिथं किती माणसं गेली, याचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रिटिश टेलिव्हिजनवर त्याचा माहितीपट दिसला, तेव्हा कुठं जगाला कळलं.

आता माझी एक गोष्ट, जी मी फार वर्षं कुणाला सांगितली नव्हती. १८ फेब्रुवारी १९७४ ला इथिओपियातल्या शिक्षकांनी संप केला. पगार हा एक मुद्दा होता आणि दुसरा, गरिबांच्या मुलांची शाळा प्राथमिकवरच थांबेल, अशी त्यांना भीती घालणारी सरकारी योजना. माझ्या शेजारी बसणारा, तिथलाच शिक्षक मला म्हणाला, "तुम्ही काय करणार?" माझा पगार त्याच्या कितीतरी पट होता. करार माझ्या खिशात होता आणि शेत सावकाराच्या. मी शाळेत गेलो, मस्टरवर सही केली आणि रिकाम्या बाकांपुढं दिवसभर बसून राहिलो.

तिथं कॉफीची मोठी रीत असते. घरात बिया भाजून, कुटून, एकामागून एक तीन वेळा कॉफी देतात. तिसऱ्या कपाला बरका म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. पाहुण्यानं तो घेतल्याशिवाय उठायचं नाही. संप मिटल्यावर त्यानं मला घरी बोलावलं. पहिला कप झाला, दुसरा झाला. बोलणं फारसं नाही. मी उठू लागलो तर त्याच्या आईनं हाताला धरून बसवलं आणि तिसरा कप दिला. ती काहीतरी म्हणाली. त्यानं मला त्याचा अर्थ सांगितला, "ती म्हणते, याचीही आई कामावर जाते ना?"

त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सम्राट पदच्युत झाले. नव्या लष्करी सरकारनं वरच्या वर्गांतल्या मुलांना आणि शिक्षकांना खेड्यापाड्यांत कामाला पाठवलं. वर्ग ओस पडले. १९७५ मध्ये करार संपला आणि मी परत आलो. शेत सोडवलं, तेही तिथल्याच पैशावर.

१९८४ मध्ये वोलोत पुन्हा दुष्काळ पडला, त्याचे फोटो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आले. मी ते चेहरे निरखून पाहायचो. माझी मुलं तोवर तिशीला आली असणार. त्यांपैकी कुणाचीही पुढं गाठ पडली नाही.

परत आलो तेव्हा मायनं मला पहिल्यांदा काय दाखवलं असेल, तर तो पाझर तलाव. बांधावर उभी राहून म्हणाली, "ही माती मी टाकली हाय." तळाशी थोडं पाणी होतं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ मध्ये झाला आणि देशानं तो विचार २००५ मध्ये उचलला. पुढारी त्याचं श्रेय घेतात, घेऊ देत. मी मात्र त्या बांधावरून जाताना आजही पायातली चप्पल काढतो.