फोटो काढणारा कुठे उभा होता?



अल्बममधला जुना फोटो हातात आला की आपले दोन प्रश्न ठरलेले असतात. हे कोण? आणि कधीचा आहे? उत्तरं मिळाली की आपण पान उलटतो. आज मी तुम्हाला तिसरा प्रश्न देणार आहे. हा फोटो काढणारा माणूस कुठे उभा होता? मी आजही फिल्मवर काम करते. निगेटिव्ह धुण्यापासून प्रिंट काढण्यापर्यंत सगळं स्वतः करते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: छायाचित्रणात सगळ्यात मोठा निर्णय उभं राहण्याच्या जागेचा असतो. कॅमेरा, भिंग आणि फिल्म त्या निर्णयाच्या मागून येतात. हा तिसरा प्रश्न विचारायची सवय लागली, की चांगला फोटो चांगला का आहे, हेही हळूहळू उमगायला लागतं.

सुरुवात चेहऱ्यापासून करू. मोबाइल हातभर अंतरावर धरून स्वतःचा फोटो काढला की नाक फुगल्यासारखं दिसतं आणि कान मागे जातात. आपण भिंगाला दोष देतो, पण खरं कारण अंतर. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण दहा-बारा सेंटीमीटर असतात. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल, तर कान ५० सेंटीमीटरच्याही पुढे राहतात, म्हणजे पाव पटीहून जास्त लांब. जे लांब ते लहान दिसणारच. आता दोन मीटरांवर जा. नाक-कानातले दहा-बारा सेंटीमीटर तेवढेच राहतात, पण दोन मीटरांच्या हिशेबात ते पाच-सहा टक्के होतात आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. भिंगाचं काम इतकंच, की त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा. चेहरे टिपणारे फोटोग्राफर ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ८५ किंवा १०५ मिलिमीटरचं भिंग लावतात, कारण त्या भिंगातून चेहऱ्यानं चौकट भरायची तर मागे जाऊनच उभं राहावं लागतं.

म्हणून शिकणाऱ्यांना मी आग्रहानं सांगते, की वर्षभर एकच भिंग वापरा आणि ते ५० मिलिमीटरचं असू द्या. झूम भिंगाशी माझं वैर नाही. पण झूम हातात असली की पाय जागचे हलत नाहीत, सगळं काम मनगट करतं. ठरावीक भिंग असलं की पुढे जावं लागतं, मागे यावं लागतं, गुडघे टेकावे लागतात. अंतराचं भान अंगात मुरतं ते असं.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटर भिंग यांवर केलं. १९४८ साली तो काश्मीरमध्ये होता. श्रीनगरच्या हरी पर्बतावर काही मुस्लिम स्त्रिया पहाटे प्रार्थनेसाठी जमल्या होत्या, समोर हिमालयामागून सूर्य वर येत होता. त्या फोटोत एक स्त्री दोन्ही हात पुढे पसरून उभी आहे, दूरवर डोंगर आणि ढग आहेत. आता आपला प्रश्न विचारा. कार्तिए-ब्रेसाँ कुठे उभा होता? त्या स्त्रियांच्या मागे. पुढे जाऊन चेहरे टिपले असते, तर आपण त्यांच्याकडे पाहत राहिलो असतो. मागे राहिल्यामुळे त्या जिकडे पाहतात तिकडेच आपली नजर जाते. त्यांच्या प्रार्थनेत व्यत्यय येत नाही आणि प्रार्थनेची दिशा मात्र आपल्याला मिळते. फोटोतला आदर त्या जागेतून आला आहे.

जागेत उंचीही येते. इथे कॅमेऱ्याच्या घडणीचा संबंध आहे. लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आला. ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञानं सिनेमाची फिल्म आडवी चालवून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट बसवली होती. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा. पुढे १९२९ साली रोलिफ्लेक्स आला, एकावर एक दोन भिंगांचा. तो छातीपाशी किंवा पोटापाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. त्या काचेत डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं, तेव्हा धावत्या माणसामागे कॅमेरा फिरवायला भरपूर सराव लागतो. पण या कॅमेऱ्याचा एक मोठा गुण आहे. फोटोग्राफर समोरच्यावर डोळा रोखत नाही, तो मान झुकवून उभा असतो. त्यामुळे समोरचा माणूस सैल होतो. शिवाय कॅमेरा खाली असल्यामुळे माणसं किंचित उंच दिसतात, त्यांना एक भारदस्तपणा येतो.

कॅमेरा किती उंचीवर होता, हे ओळखायची सोपी खूण सांगते. सपाट मैदानावरचा किंवा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो घ्या. क्षितिजाची रेघ उभ्या माणसाच्या कुठल्या भागावरून जाते ते पाहा. डोळ्यांवरून जात असेल, तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर होता. कमरेवरून जात असेल, तर कमरेच्या उंचीवर. ही खूण कधी चुकत नाही.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांच्याकडे स्पीड ग्राफिक कॅमेरा होता आणि रोलिफ्लेक्सही. रोलिफ्लेक्सच्या एका रोलमध्ये फक्त १२ चौकटी असतात. गर्दी, धक्काबुक्की आणि हातात बाराच संधी, तेव्हा जागा आधी हेरून ठेवणं भागच होतं. विमानतळावर उभ्या असलेल्या पंडित नेहरूंचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी छायाचित्रणाला सक्त मनाई असल्याची पाटी आहे. होमाईबाई आणखी जवळ गेल्या असत्या, तर पंतप्रधानांचा एक बरा फोटो मिळाला असता आणि पाटी चौकटीबाहेर गेली असती. ते अंतर राखलं म्हणून त्या फोटोत एक अख्खी गोष्ट आली.

लायका आणि रोलिफ्लेक्सनंतर तिसरा प्रकार एसएलआर कॅमेऱ्याचा. आरशातून, थेट भिंगातलंच दृश्य दाखवणारा. १९५९ च्या निकॉन एफनं तो वृत्तछायाचित्रकारांत रुजवला. चौकटीत नेमकं काय येणार ते यात कळतं. पण बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि ज्या क्षणी फोटो निघतो, नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. लायकाच्या खिडकीतून तो क्षण दिसतो, चौकटीबाहेरून कोण आत येतंय तेही दिसतं. म्हणून रस्त्यावरच्या कामाला मी लायकाच्या जातीचा रेंजफाइंडर पसंत करते. लहान मुलं आणि पाखरं टिपायला एसएलआर. आणि ज्याच्याशी आधी चार शब्द बोलायचे आहेत, अशा माणसासाठी रोलिफ्लेक्स.

आता प्रकाश. योग्य जागी माणूस योग्य वेळीच उभा असावा लागतो. १९४१ च्या शरद ऋतूत अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून मोटारीनं जात होते. गावावर चंद्र उगवला होता आणि मावळतीचं शेवटचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलं होतं. त्यांनी गाडी थांबवली, आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा उभा केला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राचा उजेड किती असतो, हे त्यांना पाठ होतं. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि भिंगाचं छिद्र एफ ३२ वर ठेवून एक सेकंद प्रकाश दिला. दुसरी फिल्म घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढे शेकडो प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटांत आकाश गडद, जवळजवळ काळं होत गेलं. जागा आणि क्षण रस्त्यावर ठरले, आणि त्यांचा अर्थ डार्करूममध्ये कित्येक वर्षं उलगडत राहिला. म्हणून प्रदर्शनात मूळ प्रिंट पाहायची संधी सोडू नका. सावल्यांच्या आत शिरून पाहा, तिथे काही दिसतं का, की नुसता काळा डाग आहे. कृष्णधवल निगेटिव्हसाठी जुना नियमच आहे: प्रकाश सावलीसाठी मोजावा आणि धुताना उजळ भाग सांभाळावा. सावलीत जे टिपलं गेलं नाही, ते डार्करूम परत आणू शकत नाही.

रंगीत पारदर्शिकेचा, म्हणजे स्लाइड फिल्मचा न्याय उलटा. तिथे उजळ भाग जपावा लागतो, जरा जास्त प्रकाश झाला की रंग उडून जातो. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी कोडाक्रोम नावाच्या अशा फिल्मवर भारत टिपला. १९३५ साली निघालेल्या या फिल्मचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. त्यातला झवेरी बाजाराचा एक फोटो जरूर शोधून पाहा. दागिन्यांच्या दुकानाचं आतलं जग आणि बाहेरचा वाहता रस्ता एकाच चौकटीत आहेत, मध्ये फक्त काच. कॅमेरा असा ठेवला आहे, की दोन्ही मुंबई एकमेकींना चिकटून दिसतात. शहराबद्दलचं एक विधान त्यांनी पायांनी केलं आहे.

आता तुमच्या घरचा अल्बम काढा. त्यात चौकोनी, कृष्णधवल फोटो असतील. त्यातले पुष्कळसे अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यावरचे असण्याचा संभव आहे. एका रोलमध्ये १२ फोटो. फोकस कायमचा ठरलेला, म्हणून माणसं थोडी लांब उभी. घरात प्रकाश पुरायचा नाही, म्हणून सगळे अंगणात किंवा गच्चीवर. सूर्य पाठीशी ठेवा, असा सल्ला फोटो काढणाऱ्याला असे. त्यामुळे मुंजीच्या बटूपासून आजोबांपर्यंत सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झालेले. फोटोच्या खालच्या कडेशी नीट पाहा, एखाद्या फोटोत जमिनीवर एक लांब सावली सापडेल. ती फोटो काढणाऱ्याची. घरातल्या कुठल्याच फोटोत नसलेले काका किंवा आत्या तिथे भेटतील.

या आठवड्यात एवढा अभ्यास करा. रोज एक फोटो घ्या, वर्तमानपत्रातला, पुस्तकातला किंवा घरचा. काढणारा किती अंतरावर, किती उंचीवर आणि उजेडाच्या कुठल्या बाजूला होता ते शोधा. मग विचारा, तो दोन पावलं पुढे असता तर काय हरवलं असतं? दोन पावलं मागे असता तर? चांगल्या फोटोत या प्रश्नांना ठाम उत्तरं मिळतात. सुमार फोटोत कुठेही उभं राहिलं तरी फरक पडत नाही.

आणि तुम्ही स्वतः फोटो काढत असाल, तर कॅमेरा कुठला घ्यावा याची काळजी थोडे दिवस बाजूला ठेवा. जो हाताशी आहे तो घ्या, झूमला हात लावू नका आणि बटण दाबण्याआधी एकदा तरी जागा बदलून पाहा. नवं भिंग विकत घ्यायला पैसे लागतात. नवी जागा घ्यायला पाय उचलायची तयारी पुरते, आणि फोटोत जास्त फरक तिच्यानंच पडतो.